'अर्बन नक्षल' आणि 'खबऱ्या'

धागालेखक, पुणे:
आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर एका नातेवाइकांनी परवा लिहिले, की पंढरीच्या वारीत संविधानाचा संदेश घेऊन निघणाऱ्या संविधान दिंडीत चालणारे झाडून सगळे अर्बन नक्षल, म्हणजे शहरात राहून नक्षलवाद्यांना साथ देणारे आहेत आणि महाराष्ट्राचा जनसुरक्षा कायदा आला हे बरेच झाले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत वारीत शहरी नक्षली शिरल्याचा आरोप झाला, तेव्हापासून हा सूर चढाच आहे. माझी मावशी त्या दिंडीबरोबर लोणी काळभोर ते यवत चालली. पिशवीत गाथा, गुडघ्याला चोळायचे मलम आणि संविधानाच्या उद्देशिकेची छापील प्रत, एवढाच तिचा ऐवज होता. या कायद्यात प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे हेही बेकायदेशीर कृत्य धरले आहे, गुन्हे अजामीनपात्र आहेत आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. मिठाचा आणि जंगलाचा सत्याग्रह ज्या भूमीत झाला, तिथे ही व्याख्या मला भयावह वाटते.

मूळ भामरागड, सध्या नागपूर:
मावशींविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, की पुण्यात बसून नक्षलवादाला केवळ 'शब्द' म्हणणे सोपे आहे. माझे वडील पोलिस दलात होते. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथल्या गडचिरोलीतील नक्षली हल्ल्यांत चाळीसहून अधिक पोलिस मारले गेले. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला की भामरागडचा संपर्क तुटायचा आणि आई रात्रभर रेडिओ चालू ठेवायची. जंगलातल्या बंदुकीला औषधे, पैसा आणि वकील शहरातून मिळत असतील, तर त्यावर कायदा का नसावा?

धागालेखक:
बंदुकीला पैसा पुरवणाऱ्यासाठी यूएपीए हा केंद्राचा दहशतवादविरोधी कायदा आधीपासूनच आहे. वकिलाला मात्र तुम्ही त्या यादीत कसे बसवता? माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाखाली शिक्षा झालेले प्राध्यापक साईबाबा यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये निर्दोष सोडले. तोवर त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती आणि त्याच ऑक्टोबरात ते वारले. वकीलच नसता, तर तो निकाल तरी लागला असता का?

नाशिककर:
शिक्के मारण्याविषयी एवढा कळवळा आहे, तर 'भगवा दहशतवाद' हा शब्द कोणी रूढ केला, हेही लिहा. २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. सतरा वर्षे त्यांच्यासह संपूर्ण हिंदू समाजाला दूषण देण्यात आले, आणि त्याबद्दल कोणी दिलगिरीचा एक शब्द उच्चारलेला नाही.

मालेगावकर:
मालेगावचे नाव घेतलेच आहे, तर २००६ पासून घ्या. ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली, आणि पकडले गेले ते आमच्याच गावचे मुस्लिम तरुण. त्यांतल्या अनेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली. आरोपमुक्त झाले ते २०१६ मध्ये. आमच्या गल्लीतल्या एका घरी त्या काळात मुलीची सोयरीक मोडली, कारण मुलाकडच्यांना 'अतिरेक्यांचे घर' नको होते. २००८ च्या स्फोटात सहा जण मेले, त्यांना कोणी मारले याचे उत्तर आजही नाही. तुम्हाला सुटलेले सात दिसतात, ते सहा दिसत नाहीत.

नाशिककर:
मृतांविषयी मला दुःख नाही, असे सुचवणे अन्यायाचे आहे. ते वाक्य मागे घ्यावे.

मालेगावकर:
घेणार नाही. २००६ विषयी एक ओळ लिहा, मग बोलू.

नाशिककर:
२००६ मध्ये चुकीची माणसे पकडली गेली, हे मान्य आहे. पण एक चूक दाखवून दुसरी झाकता येत नाही.

मूळ भामरागड, सध्या नागपूर:
चर्चा मालेगावला गेली आणि गडचिरोली पुन्हा मागे राहिली, याचा मला राग येतो. आमच्या पलीकडच्या गावातल्या पोलिस पाटलाला नक्षलवाद्यांनी रात्री घरातून नेले. सकाळी तो रस्त्यावर पडलेला होता आणि अंगावर दगडाखाली दाबलेले लाल शाईचे पत्रक होते: 'पोलिसांचा खबऱ्या'. तो खबऱ्या नव्हता, केवळ दाखले देण्यासाठी त्याला ठाण्यात जावे लागे. चौकशी नाही, साक्ष नाही. तो शब्द लिहिला गेला, तेव्हाच निकाल लागला होता.

धागालेखक:
माझे म्हणणे याहून वेगळे काय आहे?

मूळ भामरागड, सध्या नागपूर:
बंदूक कोणाच्या हातात होती, हा फरक आहे, आणि तो मी कधीही सोडणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा आई टीव्हीसमोर बसून रडली. कायदा हवाच, या मतावर मी ठाम आहे. पण तुमच्या मावशींना नक्षली म्हणणाऱ्या नातेवाइकांना माझ्याकडून एवढे कळवा, की तो शब्द आमच्याकडे कोणासाठी वापरतात हे त्यांना ठाऊक नाही, आणि तो त्यांनी वापरू नये.