फुएर्तेसची सटनला पत्रं: चित्रकाराच्या कामाची आहेत का?

रंगपेटी: अमेरिकन पक्षीचित्रकार लुई अगासीझ फुएर्तेसने पुढे स्वतःही पक्षीचित्रकार झालेल्या कोवळ्या जॉर्ज मिक्श सटनला लिहिलेली पत्रं कुणी वाचलीत का? मी काढलेला खंड्या अजून पेंढा भरल्यासारखाच दिसतो. काही हाती लागेल?

जुनाकुंचला: लागेल, घ्याच. सटन टपालाने चित्रं पाठवायचा, फुएर्तेस ती बघून सविस्तर लिहायचा. नावाजलेल्या माणसाने एका पोरासाठी एवढा वेळ काढावा! १९१६च्या उन्हाळ्यात त्याला न्यूयॉर्क राज्यातल्या कायुगा सरोवराकाठी स्वतःकडे बोलावूनही घेतलं. पत्रं १९७९ला छापली गेली.

पाणकोंबडी: फुएर्तेसचा गुरू, चित्रकार ॲबट थेयर विसरू नका. प्राणी-पक्ष्यांची पाठ गडद, पोट फिकं का, हे त्यानेच उलगडलं: वरून ऊन, खाली सावली, रंग उलटे, म्हणून गोलाई दिसेनाशी होते. पुढे मात्र फ्लेमिंगोचा गुलाबी रंगही लपण्यासाठीच म्हणाला, म्हणजे अतीच!

रंगपेटी: मग पोटाखाली सावली देऊ की नको?

जुनाकुंचला: द्या, पण आधी जिवंत खंड्या बघा. मान खांद्यात कशी रुतते ते पेन्सिलीने टिपा. रंग नंतर.