मदत हवी आहे : पोरं स्वतःहून शिकायला कशी लागतील?

नमस्कार मंडळी, मी रावेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवतो. पोरं हुशार आहेत पण मी फळ्यावर लिहिलं तरच वहीत उतरतं, दिवसभर एकच, "सर पुढे काय लिहू?" आणि हीच पोरं घरी केळीच्या बागेत ठिबकची नळी चोकअप झाली तर कोणाला न विचारता शोधून काढतात, पील (केळीच्या बुंध्याशी फुटणारा नवा कोंब) कोणता ठेवायचा कोणता कापायचा ते मला समजावून सांगतात! मग शाळेत आल्यावर काय होतं त्यांना?

साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, ते डोक्यात ठेवून मी वर्गात भिंतीवर साप्ताहिक सुरू केलं, लिहायचं पोरांनीच. पहिले दोन आठवडे सगळ्यांनी गाईडमधले सुविचार आणले. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने आजीला विचारून जात्यावरच्या ओव्या लेवा बोलीत जशाच्या तशा लिहून आणल्या, खरं सांगतो डोळे भरून आले.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना सांगितलेत, त्यात प्रत्येकाने स्वतःचा एक प्रश्न घेऊन शेतात, सुताराकडे, बाजारात जाऊन उत्तर शोधावं असा विचार आहे. पण प्रश्न सुचायलाच शिकवायचं कसं? मी सुचवला तर तो माझाच होतो ना. न बोलणाऱ्या पोरांचं काय करता? आणि मार्कांशिवाय प्रगती कशी नोंदवता? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा, फसलेलं पण सांगा.