बागेचा आराखडा मंजूर करण्याआधी देखभालीचा हिशेब मागावा का?

धागाकर्ता (सोसायटी समिती सदस्य, पुणे): आमच्याकडे 1000 चौरस मीटर हिरवळीचा आराखडा आला आहे. त्यात लागवडीचा खर्च पैपैशाने मांडला आहे, पण पाणी आणि माळी यांचा उल्लेखही नाही. एप्रिल-मे महिन्यांत हिरवळीला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरले, तरी रोज 5000 लिटर होतात, म्हणजे दिवसाआड 10,000 लिटरचा एक टँकर. पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च जोडल्याशिवाय असा आराखडा सर्वसाधारण सभेपुढे येऊच नये, असे माझे मत आहे.

उद्यानरचनाकार: मी असहमत आहे. सभेत आकडा ठेवला की पहिली कुऱ्हाड हिरवळीवर पडते आणि तिच्या जागी पेव्हर ब्लॉक येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. उन्हात तापणाऱ्या त्या फरशीवर मुले खेळणार कशी? शिवाय सांडपाणी प्रकल्पातले प्रक्रिया केलेले पाणी तुम्ही हिशेबात धरलेलेच नाही. ते नाल्यात सोडून टँकरची भीती घालणे योग्य नाही.

बागकाम ठेकेदार: पाच वर्षांची एकच बेरीज फसवी असते, कारण देखभाल दरवर्षी सारखी नसते. मियावाकी या दाट झाडी लावण्याच्या जपानी पद्धतीत चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात; पहिली दोन-तीन वर्षे पाणी आणि खुरपणी सांभाळली की पुढे ती झाडी आपली आपण वाढते. हिरवळीचे तसे नाही. दहाव्या वर्षीही लव्हाळ्यासारखे तण उपटावे लागते, आणि पावसाळ्यात पाणी वाचले तरी कापणी वाढते. म्हणून बेरजेऐवजी महिनावार कामांचा तक्ता मागा.

धागाकर्ता: तक्त्याची सूचना मान्य आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्याबाबत मात्र शंका उरते, कारण आमचा प्रकल्प बंद पडला की आठवडा-आठवडा सुरू होत नाही, आणि मे महिन्यातली हिरवळ तितके दिवस थांबत नाही. खेळण्यापुरती 300 चौरस मीटर हिरवळ ठेवून उरलेल्या जागेत कण्हेर, तगर आणि बहावा लावावा, असे आता वाटते.

उद्यानरचनाकार: 300 चालतील, पेव्हर ब्लॉक नकोत, एवढाच माझा आग्रह होता. पण कण्हेर विषारी असते, ती खेळण्याच्या जागेपासून दूर ठेवा.

बागकाम ठेकेदार: आणि आराखड्यात नळ कुठे दाखवले आहेत, तेही पाहा. नळ लांब असेल, तर माळी शेवटच्या झाडापर्यंत पाइप ओढत नाही.