लोकाटं सहलीला आणता येत नाहीत, काय करू?

मृणाल, सॅन होजे (बुधवार, रात्री 9:40)

मंडळी, रविवारच्या यादीत फळं माझ्या नावावर आहेत, ती तूर्त धरू नका. काल दाराला काउंटीची नोटीस अडकवलेली होती. आमची गल्ली फळमाशीच्या क्वारंटाइनमध्ये आलीय. अंगणातलं कुठलंही फळ कुंपणाबाहेर न्यायचं नाही. झाडावर अंदाजे 40 किलो लोकाटं आहेत, निम्मी पिकलीत. आत्ता तोडून ठेवावीत तर ती नंतर पिकत नाहीत, आंबटच राहतात. झाडावर ठेवावीत तर खारी आणि पाखरं आहेतच. बालविभागाच्या मुलांना जानेवारीपासून कबूल केलंय, म्हणून फार जीव लागून राहिलाय. काही मार्ग?

नाना, क्युपर्टिनो (10:15)

मृणाल, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आमचं झाड 1986 पासून आहे, एकदाही अळी निघाली नाही. दोन पिशव्या गाडीत टाक आणि ये. घरच्या झाडाची फळं सहलीला आणायची ही पद्धत आम्ही पहिल्या पाच-सहा कुटुंबांनी घातली. ती मोडू नये असं वाटतं.

केदार, मिल्पिटास (10:22)

ताई, घरीच सोलून, बिया काढून, डब्यात गर आणला तर?

माई, सनीव्हेल (गुरुवार, सकाळी 6:05)

केदार, नाही रे चालत. माशी सालीखाली अंडी घालते आणि अळी गरातच वाढते. साल काढून काय उपयोग? अंडं जेमतेम मिलिमीटरभर लांब, आपल्याला दिसतसुद्धा नाही.

माझं माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे ही माशी मला परकी नाही. आपल्याकडे आंब्याला लागते तीच ही, बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. वरून आंबा सोन्यासारखा, सालीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग. कापला की कोयीजवळ पांढऱ्या अळ्या, आणि ताटलीत पडल्या की अंग आकडीसारखं वाकवून टुणकन उडतात. आईने अख्खी करंडी परसात खड्डा करून पुरलेली मी पाहिलीय. भाऊ बागेत दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे लावतो. त्यात मिथाइल युजेनॉल असतं, वासावर नर येतात. इथे सापळ्यांत वापरतात तेही मिथाइल युजेनॉलच. 2007 पासून हापूस इथे यायला लागला, तोही लासलगावला किडीसाठी किरणांची प्रक्रिया करून. त्यामागच्या कारणांत फळमाशीही आहेच. आपल्या आंब्यासाठी एवढा खटाटोप होतो, मग लोकाटाच्या दोन पिशव्यांसाठी आपण नियम मोडायचा का? नाना, वडीलकीच्या मानाने तुम्ही असं सांगायला नको होतं.

मृणाल, नोटीस नीट वाच. बाहेर न्यायचं नाही, पण तुझ्या अंगणात खायला बंदी नाही. शिजवलेलं, रस काढलेलं, गोठवलेलंही चालतं, फक्त ते काम तुझ्या घरी झालं पाहिजे.

नाना, क्युपर्टिनो (सकाळी 7:30)

माई, 1981 सालचा जुलै मी इथे काढलाय. तेव्हा भूमध्य फळमाशी होती, ही नव्हे. आदल्या वर्षी सॅन होजेत सापडली. त्या हिवाळ्यात स्वयंसेवक घरोघरी जाऊन झाडांवरची फळं उतरवत होते. आमच्या घरमालकाची लिंबं गेली, आणि त्या बाई रस्त्यावर उभ्या राहून रडल्या. जुलैत रात्री हेलिकॉप्टरं आली, मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची फवारणी. आम्ही गाडीवर ताडपत्री बांधायचो, मुलीचा पाळणा आतल्या खोलीत न्यायचो. सकाळी अंगणातली खुर्ची चिकट लागायची. 1982 च्या सप्टेंबरात ती माशी संपल्याचं जाहीर झालं.

हे लिहिताना जाणवलं की पिशवी टाक म्हटलं ते मी मागे घ्यायला हवं. घेतो. मुलांना फळ मिळावं एवढाच हेतू होता.

अण्णा, फ्रीमाँट (7:48)

विषय थोडा वेगळा आहे, पण उष्ण कटिबंधातल्या फळांचं निघालंच आहे तर विचारतो. माझा चिकू सलग तिसऱ्या हिवाळ्यात शेंड्यापासून वाळला. कुणाचा जगलाय?

मृणाल, सॅन होजे (8:10)

अण्णा, लोकाट उष्ण कटिबंधातलं नाही, सफरचंद-नासपतीच्या कुळातलं, मूळचं चीनचं. म्हणून तर ते इथे टिकतं. फक्त फुलतं थंडीच्या तोंडाशी, त्यामुळे दहिवर गोठण्याइतकी थंडी पडली तर झाड राहतं आणि कोवळी फळं जातात. चिकूचं तसं नाही, त्याला आपल्या इथल्या रात्री सोसत नाहीत. पेरू लावा. आणि सीताफळाची आठवण येत असेल तर त्याची थंडी सोसणारी चुलत बहीण, चेरिमोया. मात्र तिला परागीकरण हाताने करावं लागतं. फूल आधी मादी असतं, मग नर. संध्याकाळी पाकळ्या पुऱ्या फाकलेल्या फुलाखाली डबी धरून पराग झटकून घ्या, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी जरासं उघडलेलं फूल बघून बारीक ब्रशने आत फिरवा. माझ्याकडे मागच्या उन्हाळ्यात अशी 11 फळं धरली. कलम मात्र नर्सरीतूनच घ्या.

केदार, मिल्पिटास (8:31)

मग सहलीला रोपांचं टेबल आहे का? बायकोने कढीपत्त्याची सहा रोपं कुंड्यांत तयार केलीत.

माई, सनीव्हेल (8:40)

केदार, कढीपत्त्यावर गेल्या वर्षी किती पत्रं झाली ते जुन्या पत्रांत बघ. त्याच्यावर सायलिड नावाचा बारीक किडा बसतो, आणि संत्र्या-लिंबाचा एचएलबी रोग तोच पसरवतो. 2008 मध्ये सॅन दिएगोकडे किडा सापडला, 2012 मध्ये हसिएंडा हाइट्सला रोगट झाड. त्या रोगावर औषध नाही. रोपं घरीच राहू देत, बायकोला माझा निरोप सांग.

मृणाल, सॅन होजे (9:05)

माई, ठरलं. शनिवारी सकाळी 9 ला सगळ्यांनी आमच्या अंगणात या, मुलांना घेऊन. झाडाखाली चटया टाकते, हवी तेवढी खा. उरलेल्याचा तिथेच मुरांबा, आणि रविवारी सहलीला पोळीबरोबर तोच.

येताना जुने कपडे घाला. लोकाटाच्या रसाने बोटं तपकिरी होतात आणि नखांतला डाग आठवडाभर जात नाही. चमच्याच्या पाठीने फळ हलकं चोळलं की साल देठापासून अखंड सुटते. बिया गुळगुळीत, तपकिरी, मुलांना खेळायला आवडतात, पण चघळू देऊ नका, फोडूनही मुरांब्यात घालायच्या नाहीत. त्यांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. साली-बिया दोन पिशव्यांत बांधून साध्या कचऱ्यात टाकायच्या, हिरव्या डब्यात नाही. आणि खिशात एकही फळ घेऊन कुणी जायचं नाही, मुलांचेही खिसे बघा.

किलोभर गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबं धरते. माझं पातेलं 6 लिटरचं, ते पुरणार नाही. कोजागिरीचं मोठं पातेलं कुणाकडे आहे?

अण्णा, फ्रीमाँट (9:20)

कोजागिरीनंतर केदारकडे गेलं होतं.

केदार, मिल्पिटास (9:26)

माझ्याकडून संक्रांतीला नानांनी नेलं. झाकण अजून माझ्याकडे आहे.

नाना, क्युपर्टिनो (9:50)

पातेलं गॅरेजमध्ये आहे, घासून ठेवतो. शनिवारी साडेआठला पोचतो. मृणाल, ढवळायचं काम माझ्याकडे राहू दे, लाकडी उलथणं घेऊन येतो. केदार, झाकण विसरू नकोस.