लोकसाहित्याचं फील्डवर्क व्हॉट्सअ‍ॅपवर करावं का?

रानवेल:
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. डवर वाजवत, देवाची गाणी म्हणत भिक्षा मागणारा हा समाज. म्हणजे लोकपरंपरा जपणाऱ्यांच्याच जिवावर एक नवी दंतकथा उठली, आणि ती पारावर नाही, मोबाइलवर पोसली गेली होती. त्याच काळात कराचीतला बालसुरक्षेचा एक व्हिडिओ, मूल पळवण्याचं नाटक असलेला, शेवटचा खुलासा कापून, 'आपल्याकडचा' म्हणून भारतभर फिरत होता. मेसेजचा सांगाडा तोच, तालुका तेवढा नवा. दंतकथा अशीच तर गावोगाव रुजते! मग अभ्यासकांनी इंटरनेटवर मुक्काम नको ठोकायला?

दळणवाटा:
नको. अफवा पोलिसांनी तपासाव्यात. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या कामातून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर येतात, त्याही बाईच्या नावागावासकट. फॉरवर्डमागे कोण आहे?

रानवेल:
पहिला कोण ते नाही कळत, पण भर कुणी घातली ते दिसतं. "आमच्या शेजारच्या गावातही झालं" असं कुणी जोडलं, किती वाजता जोडलं, सगळं. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो ही बातमी फोनवरून देशभर गेली. ते बोलणं कुठे उरलंय? आज उरतं.

उंबरठा:
उरतं म्हणून उचलायचं? आमच्या घरच्या ग्रुपवर आत्या डोहाळजेवणाची गाणी टाकते, ती आमच्यासाठी. जात्यापाशी बसलेल्या बाईला समोरचा टेपरेकॉर्डर दिसायचा. नको वाटलं तर ती गप्प बसायची. ग्रुपमध्ये न बोलता वाचत बसलेला अभ्यासक आत्याला दिसणारच नाही. मला हे अजिबात पटत नाही.

रानवेल:
बंद ग्रुपमधलं विचारल्याशिवाय घेऊ नये, शंभर टक्के. पण यूट्यूबवर ओवी ऐकून कुणी खाली लिहितं, "आमची आई शेवटची ओळ वेगळी म्हणायची." असा पाठभेद घरबसल्या मिळत असताना तो सोडायचा?

दळणवाटा:
सोडू नका. ते लिहिणाऱ्याला रीतसर विचारा, आईचं माहेर कोणतं ते विचारा आणि तिथे जा. तिथे अजून कुणी ती ओळ म्हणत असेल, तर दळताना म्हणते की लग्नातल्या हळदीला, हे कॉमेंटमधून कळणार नाही.