मदत हवी आहे: राहाबचं खोटं मुलांना कसं समजवायचं?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांसाठी प्रामाणिकपणावर धडा तयार करतेय. हनन्या-सप्पीरा या जोडप्याची गोष्ट (बायबल, प्रेषितांची कृत्ये 5) सोपी आहे: जमीन विकून आलेल्यातले काही पैसे मागे ठेवले हा गुन्हा नव्हता, सगळे दिल्याचा आव आणला, तो होता. अडकलेय ती राहाबपाशी. यहोशवा 2 मध्ये यरीहो शहरातली ही बाई इस्राएलच्या हेरांना घराच्या धाब्यावर जवसाच्या काड्यांखाली लपवते, तिथल्या राजाच्या माणसांना धडधडीत खोटं सांगते, आणि इब्री 11 मध्ये तिचाच विश्वास वाखाणलाय! प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन तर जीव वाचवायलाही खोटं नको म्हणतात. पोरं हे विचारणारच, आमची काही गप्प बसणारी नाहीत. ‘वाखाणला तो विश्वास, खोटं नव्हे’ एवढं उत्तर पुरेल? शिकवणाऱ्यांनो, तुम्ही काय सांगता? रविवारच्या आत कळवाल का?