हॉस्पिसमधल्या पेशंटचं रेडिएशन बी-९ ने डिनाय: जीडब्ल्यू लावून परत पाठवायचं का?

प्रश्न

अमेरिकेतल्या ऑन्कोलॉजी ग्रुपचं बिलिंग आहे, पेशंट ओरिजिनल मेडिकेअरवर (सरकारी विमा). प्रोस्टेट कॅन्सर (सी६१), हाडांत पसरलेला (सी७९.५१). हॉस्पिस इलेक्शन (शेवटच्या टप्प्यातली, त्रास कमी करणारी सेवा निवडल्याची सही) ३ मार्चचं. ११ मार्चला मणक्याच्या दुखण्यासाठी रेडिएशनचा ८ ग्रेचा एकच फ्रॅक्शन (डोस) दिला. पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या सेवांचा भाग) क्लेम बी-९ (‘पेशंट हॉस्पिसमध्ये आहे’ हा नकाराचा कोड) ने परत आला. हॉस्पिस म्हणतंय, आम्ही हे रेडिएशन मंजूर केलंच नव्हतं. मग जीडब्ल्यू मॉडिफायर (बिलाच्या कोडला जोडायची खूण) लावून रीसबमिट करावं का? १४ मार्चची मेडिकल ऑन्कोलॉजिस्टची व्हिजिटही डिनाय आहे. इलेक्शन फॉर्मवर अटेंडिंग (पेशंटचे मुख्य डॉक्टर) म्हणून त्यांचंच नाव आहे. त्याच दिवशी डेनोसुमॅब हे हाडांसाठीचं इंजेक्शन १२० मिग्रॅ (जे०८९७, १२० युनिट) दिलं होतं.

प्रतिसाद १

जीडब्ल्यू अजिबात लावू नका. त्या मॉडिफायरचा अर्थ ‘ही सेवा टर्मिनल आजाराशी संबंधित नाही’ एवढाच आहे. हॉस्पिसने मंजुरी दिली की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. सी६१ वर हॉस्पिस घेतलेल्या पेशंटच्या सी७९.५१ ला जीडब्ल्यू म्हणजे सरळ खोटा क्लेम, आणि ऑडिटमध्ये तो डायग्नोसिसवरूनच सापडतो. मेटास्टॅसिसमुळे हाड मोडलं तरी ते संबंधितच. त्याच पेशंटच्या जुन्या काचबिंदूची तपासणी असती तर जीडब्ल्यू बरोबर होता.

रेडिएशनचे पैसे हॉस्पिसच्या दैनंदिन दरातून यायचे असतात, तेही ते प्लॅन ऑफ केअरमध्ये (हॉस्पिसच्या लेखी उपचार-आराखड्यात) असेल आणि तुमचा त्यांच्याशी करार असेल तर. प्लॅन ऑफ केअर मागवा. रेडिएशनची नोंद असेल तर इन्व्हॉइस हॉस्पिसला पाठवा. नोंद नसेल तर दुखणं कमी करण्यासाठीच फ्रॅक्शन दिल्याचं दाखवणारी डॉक्टरांची नोट जोडून लेखी बोलणी करा, पण करार नसताना ते देतीलच असं नाही. इन्व्हॉइसवर मॅनेजमेंटचा कोड ७७४२७ नको. एक-दोन फ्रॅक्शनचाच कोर्स असेल तर ७७४३१.

प्रतिसाद २

व्हिजिट मात्र वसूल होईल. अटेंडिंग हॉस्पिसचे नोकर नसतील आणि हॉस्पिस त्यांना करारानेही पैसे देत नसेल, तर जीव्ही (नेमकं हेच सांगणारा मॉडिफायर) लावून पार्ट बीला पाठवा. आधी एकच बघा: हॉस्पिसच्या एनओईवरचा (इलेक्शन मेडिकेअरला कळवणारी नोटीस) एनपीआय (डॉक्टरांचा ओळख क्रमांक) तुमच्या डॉक्टरांचाच आहे ना? बऱ्याचदा फॉर्मवर एक नाव आणि एनओईवर हॉस्पिसच्या मेडिकल डायरेक्टरचं, असा घोळ असतो. त्या दिवशी ग्रुपमधल्या दुसऱ्या डॉक्टरने त्यांच्या जागी पाहिलं असेल तर जीव्हीसोबत क्यू५ (बदली डॉक्टरसाठीचा मॉडिफायर) लागतो.

जीव्ही फक्त डॉक्टरांच्या प्रोफेशनल सेवेला चालतो. डेनोसुमॅब त्यात बसत नाही, तेही हॉस्पिसकडेच मागावं लागेल.

प्रश्नकर्ता

घरच्यांना हॉस्पिस सोडायचंच होतं म्हणे. रिव्होकेशन (हॉस्पिस सोडल्याची नोंद) १० मार्चपासून दाखवता येईल का?

प्रतिसाद १

नाही. रिव्होकेशनची तारीख सही केल्याच्या दिवसाच्या आधीची टाकता येत नाही. शिवाय त्या बेनिफिट पिरियडचे (हॉस्पिस ज्या टप्प्यांत मिळतं त्यातल्या चालू टप्प्याचे) उरलेले दिवस जातात. (पहिले दोन पिरियड ९० दिवसांचे, पुढचे ६०-६० दिवसांचे.) बिलासाठी कुटुंबाला ते करायला सांगणं मला तरी पटत नाही.

प्रतिसाद ३

हे डिनायल उपचाराच्या आधीच अडवायला हवं होतं. हॉस्पिसला एनओई भरायला ५ दिवस असतात, म्हणून त्या काळात एलिजिबिलिटी चेक कोरा दिसू शकतो. स्क्रीनवर विसंबू नका, सिम्युलेशन (रेडिएशनआधीची आखणी) ठरवतानाच पेशंटला किंवा घरच्यांना विचारा, आणि हॉस्पिस असेल तर उपचाराआधी त्यांच्याकडून लेखी होकार घ्या.

खरोखर असंबंधित सेवा असेल तेव्हा हॉस्पिसकडून इलेक्शन स्टेटमेंटचं अ‍ॅडेंडम मागवा. कोणते आजार आणि औषधं ते असंबंधित मानतात, ते त्यात लिहिलेलं असतं. जीडब्ल्यूला तोच आधार. फॅसिलिटीच्या (हॉस्पिटलसारख्या संस्थेच्या) क्लेमवर जीडब्ल्यूच्या जागी कंडिशन कोड ०७ येतो.

आणखी एक: पेशंट खासगी कंपन्या चालवतात त्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजवर असेल तर जीव्ही-जीडब्ल्यूचे क्लेम ओरिजिनल मेडिकेअरलाच जातात. रिव्होकेशननंतरही तो महिना संपेपर्यंत तिथेच. प्लॅनकडे पाठवलेत तर फिरून परत येतील, आणि टाइमली फायलिंगची (क्लेम भरण्याची) एक वर्षाची मुदत सेवेच्या तारखेपासूनच मोजली जाते.